दोन्ही बाजू सारख्या

१८ ऑगस्ट

पुन्हा रन दाबलं आणि पुन्हा तोच तांबडा इशारा. बंद केला. दाबलं. आला. मागं सासूबाई उभ्या होत्या, हातात भुईमुगाच्या शेंगांची परडी.

"काय म्हणतंय गं?"

"काही नाही, अव्वा."

"मग तांबडं कशाला झालंय?"

मी झाकण मिटलं.

हा लॅपटॉप काल आला. मी मागितला नव्हता. स्नेहलनं मागितला. स्नेहल माझी धाकटी जाऊ. फेब्रुवारीत लग्न होऊन आली, सांगलीची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची शेड आहे. तिथं उसाच्या ट्रॉलीमागं लावायचे लुकलुकते दिवे बनतात. स्नेहल म्हणाली, सर्किट आधी संगणकावर चालवून बघावं, मग जोडावं. पडद्यावर आकृती काढायची, आणि वीज कुठून किती वाहील याचा हिशेब सॉफ्टवेअर करतं. सासरे म्हणाले, घेऊ. एक घेतला नाही, दोन घेतले. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. पिशव्याही सारख्या.

"दोघींना सारखं," अप्पा म्हणाले.

या घरात हे वाक्य रोज कुठून तरी येतं. गौरीला दोघींना एकाच रंगाची साडी. पंचमीला माहेरी पाठवायचं तर दोघींना एकाच दिवशी, एकाच दिवशी परत. आंब्याच्या फोडी मोजून. स्नेहल यायच्या आधी मला वाटायचं की घरात दुसरी सून आली की मला सोबत होईल. सोबत झाली नाही. वाटणी झाली.

अकरा वर्षं हे दिवे मी करते. माझा डिप्लोमा आहे. माझ्या टेबलावर सर्किट जोडून बघायचा ब्रेडबोर्ड आहे, मल्टिमीटर आहे, भाजलेली बोटं आहेत. मला संगणक कधी लागला नाही. तिला लागला म्हणून मला मिळाला. म्हणजे दोन्ही लॅपटॉप तिचेच आहेत.

२० ऑगस्ट

तांबड्या इशाऱ्याचा उलगडा झाला. विचारून नाही. स्नेहल जेवायला उठली तेव्हा तिचा पडदा उघडाच होता, माझ्या बाजूला वळवलेला. नेहमी तसाच असतो. सगळ्यांनी बघावं अशी तिची हौस. तिच्या आकृतीत खाली एक छोटा त्रिकोण होता. माझ्यात नव्हता.

ते ग्राउंड. ब्रेडबोर्डवर ते मी कधी वेगळं लावलं नाही. बॅटरीची उणे तार म्हणजे उणे तार, संपलं. सॉफ्टवेअरला मात्र एका जागेला शून्य म्हणून सांगावं लागतं. बाकी सगळं तिथून मोजायचं. न सांगितलं तर ते काहीच मोजत नाही, नुसतं तांबडं होतं.

त्रिकोण लावला. तांबडं गेलं. कुणाला सांगितलं नाही.

स्नेहल हात पुसत आली आणि माझ्या पडद्याकडे बघून म्हणाली, "आक्का, छान!"

लहान पोराला म्हणतात तसं.

२३ ऑगस्ट

साखर कारखान्याकडून निरोप आला. यंदा हंगामाला त्यांच्या सगळ्या ट्रॉल्यांना दिवे घ्यायचे आहेत. पण नुसता दिवा दाखवून चालणार नाही. सर्किटचं ड्रॉइंग नेहमीसारखं द्यायचं, शिवाय त्याच्यासोबत बॅटरी उतरली तरी दिवा लुकलुकतो याचा आलेख द्यायचा. ड्रॉइंगच्या खाली कोपऱ्यात एक चौकट असते, 'डिझाइन' असं लिहिलेली. त्यात ज्यानं केलं त्याचं नाव. पुढं काही अडलं तर कारखाना त्यालाच बोलावणार.

आजवर त्या चौकटीत माझ्या नवऱ्याचं नाव होतं. शिवानंद बसलिंगाप्पा हुक्केरी. मागच्या वर्षी त्यांना तिथल्या एका साहेबानं विचारलं, हा कपॅसिटर इथं कशासाठी? हे म्हणाले, "पावणं, ते आमचं गुपित हाय." सगळे हसले. हेही घरी येऊन हसत सांगत होते. मी भाकरी थापत होते.

आज अप्पा जेवताना म्हणाले, "ह्या बारीला शिवानंदचं नाव चालायचं न्हाय. त्यांनी इचारलं तर उत्तर द्याय पायजे. सुनंचं घालू."

"कुठल्या?" अव्वांनी विचारलं.

अप्पांनी घास तोंडात धरला. चौकट एक आहे. ते बराच वेळ चावत राहिले.

"बघू की," म्हणाले.

मी ताटाकडे बघत होते. मला ती चौकट हवी आहे. लिहून ठेवते. दुसरं काही नको. साडी नको, बांगडी नको, लॅपटॉप घेऊन जा. ती दोन बोटं रुंदीची चौकट हवी.

२९ ऑगस्ट

घरी गणपती, पाहुणे. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा बसले.

माझं सर्किट साधं आहे. दोन ट्रान्झिस्टर, दोन दिवे. डावीकडं जे आहे तेच उजवीकडं. एक पेटला की दुसरा विझतो, मग उलट. हे मी डोळे मिटून जोडते. पडद्यावरही नीट काढलं, त्रिकोणासकट. रन दाबलं. दोन आलेख यायला हवे होते, एक वर जाताना दुसरा खाली येणारा.

एकच रेघ आली. आडवी, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दुसरी रेघ कुठं गेली म्हणून शोधलं. पहिली पुसली तेव्हा ती दिसली. बरोबर तिच्याखाली होती, झाकलेली. ना चढ ना उतार.

सगळं तपासलं. चूक नाही. अकरा वर्षांत हे सर्किट माझ्या हातात एकदाही असं बसून राहिलेलं नाही.

पलीकडच्या खोलीत स्नेहल आणि माझा दीर विरुपाक्ष हसत होते. तो म्हणत होता, "लुकलुकतंय की गं हे! खरंच लुकलुकतंय!"

३ सप्टेंबर

शिरोळहून गुंडू ट्रॉली घेऊन आला होता, नवीन दिवा लावून बघायला. त्याचे दोन ट्रॅक्टर आहेत. मोठ्यानं बोलतो, शेडच्या पत्र्याला ऐकू जाईल असं.

"वैनी, गेल्या साली बॅटरी बसली आन् तुमचा दिवा मेल्यागत मिचमिच करत हुता. मागनं मोटारसायकलवाला आला, म्हणतोय, दादा तुमचा दिवा झोपलाय."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, मी बी झोपलतो. तू हाणलास हॉर्न म्हणून जागा झालो."

स्नेहल हसली. तो तिच्याकडं वळला. "ह्या कोण? नव्या साहेब?"

"धाकट्या सूनबाई," आमचे हे म्हणाले.

"म्हंजे दोघी बी सुनाच? आन् एकाच कामावर?" गुंडूनं आम्हा दोघींकडं नीट बघितलं. आज आम्ही गौरीच्याच साड्या नेसलो होतो. "आमच्यात बी दोन हाईत. आईनं दोघींना सारखी लुगडी घेतली. आता पोरं पाठमोरी आई वळखत न्हाईत. भूक लागली की घावंल तिचा पदर वढत्यात."

अप्पा हसले नाहीत. "सारखं दिलं की भांडण होत न्हाय," म्हणाले.

"भांडण न्हाय होत ते खरं," गुंडू म्हणाला. "बोलत्यात कुठं एकमेकींशी!"

दिवा मी जोडला. बॅटरी उतरवत नेली तरी तो नऊ व्होल्टपर्यंत लुकलुकला. स्नेहल वहीत आकडे घेत होती. प्रत्येक आकडा मला विचारून लिहीत होती. "आक्का, साडेदहा व्होल्टला किती वेळा? आक्का, हा कपॅसिटर तुम्ही का वाढवला?" सगळ्यांसमोर, पुन्हा पुन्हा. परीक्षा घेतल्यासारखं.

मी उत्तरं दिली. सगळी दिली.

८ सप्टेंबर

आज तिची फाईल पाहिली. ती अव्वांना दवाखान्यात घेऊन गेली होती, गुडघ्यासाठी. लॅपटॉप शेडमध्येच होता, उघडा.

सर्किट माझं आहे. माझेच दोन ट्रान्झिस्टर, माझाच वाढवलेला कपॅसिटर. गुंडूच्या ट्रॉलीवरचे माझे आकडे बाजूला टिपून ठेवलेले. फाईलचं नाव 'आक्का'.

माझं नाव तिनं फाईलला दिलंय. घरातल्या मांजराला देतात तसं. चौकटीत कुणाचं जाणार ते वेगळं.

रन दाबलं. दोन रेघा आल्या. एक चढली, दुसरी पडली, मग उलट. शेवटपर्यंत तसंच. माझं सर्किट तिच्या पडद्यावर लुकलुकत होतं, माझ्या पडद्यावर नव्हतं.

यांना एवढंच म्हणाले की स्नेहलचं काम झालेलं दिसतंय. हे म्हणाले, "तीच परवा अप्पांना सांगत हुती, आक्कांचं नाव घाला म्हणून."

"मग अप्पा?"

"अप्पा म्हणाले, बघू."

तिला माहीत आहे की अप्पा 'बघू' म्हणणार. म्हणून सांगितलं. चांगली दिसली, आणि काही द्यावं लागलं नाही.

११ सप्टेंबर

एक चूक सापडली.

तिच्या आकृतीत डाव्या बाजूचा रेझिस्टर सत्तेचाळीस किलोओहमचा आहे. उजव्या बाजूचा शेहेचाळीस. शेहेचाळीसचा रेझिस्टर बाजारात मिळत नाही. सत्तेचाळीस मिळतो, मग पुढचा छप्पन्न. कोल्हापुरात नाही, पुण्यात नाही, कुठल्याही दुकानात मागा, माणूस तोंडाकडं बघेल. ज्यानं एकदा तरी रेझिस्टर विकत आणलाय तो शेहेचाळीस लिहिणार नाही. टाईप करताना बोट घसरलं असेल. इंजिनियर.

स्नेहल अव्वांबरोबर पुन्हा दवाखान्यात गेली होती. मी तिथं सत्तेचाळीस केलं. दोन्ही बाजू सारख्या. फाईल साठवली. रन दाबलं नाही, कारण तेवढ्यात बाहेर टेम्पो आला, माल उतरवून घ्यायचा होता.

मी दुरुस्त केलं. बिघडवलं नाही. तिला सांगेन.

१२ सप्टेंबर

सांगायचं राहिलं.

१५ सप्टेंबर

कारखान्याचे शेती अधिकारी आले, उदयसिंह घोरपडे. पन्नाशीचे, हळू बोलणारे. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. अप्पा, आमचे हे, विरुपाक्ष, आम्ही दोघी. अव्वांनी घरून पोहे पाठवले होते.

स्नेहलनं लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. "सर, आधी बारा व्होल्टला दाखवते, मग बॅटरी उतरवत नेते." रन दाबलं.

एक रेघ आली. आडवी.

ती थोडी पुढं झुकली. पुन्हा दाबलं. तीच रेघ. तिनं काहीतरी बंद करून उघडलं. तीच रेघ. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढंच मला दिसत होतं, कारण मी मागं उभी होते.

"गेल्या आठवड्यात तर हुतंय म्हणालीस," विरुपाक्ष म्हणाला.

"होत होतं."

"मग?"

"असू द्या, असू द्या," घोरपडे म्हणाले. "कॉम्प्युटर हाय. आमच्या काट्यावरचा बी असाच रुसतो."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी ब्रेडबोर्ड आणला, बॅटरी लावली. दिवे लुकलुकायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. मी पुरवठा उतरवत नेला. नऊ व्होल्टलाही चालू. घोरपडे उठून जवळ आले. "हे कुणी केलं?"

"आमच्या थोरलीनं," अप्पा म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "चौकटीत तिचंच नाव घालतो."

अकरा वर्षं झाली. मला वाटलं होतं की त्या वेळी काहीतरी होईल, आत. पोहे गार झाले होते. मी ते गरम करायला गेले.

जाताना घोरपडे म्हणाले, "वैनी, दिवा झकास हाय. पण हेड ऑफिसला आलेख लागतोय. पडद्यावरचाच. पुढच्या आठवड्यात येतो, तेवढा तयार ठेवा."

१६ सप्टेंबर

स्नेहल काही बोलली नाही. चहा दिला. कपात साखर नेहमीएवढीच होती.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मला उत्तर तयार होतं: शेहेचाळीस मिळत नाही.

१८ सप्टेंबर

दोन टक्के. सत्तेचाळीस आणि शेहेचाळीस यांच्यात फरक दोन टक्के. आम्ही वापरतो ते रेझिस्टरच पाच टक्क्यांचे असतात. एवढ्यानं सर्किट अडत नाही. तिनं आणखी कुठंतरी काहीतरी केलं असणार, आणि ते आयत्या वेळी अंगावर आलं.

खात्री करायची म्हणून माझ्या फाईलमध्ये उजवीकडं शेहेचाळीस घातलं. रन दाबलं. रेघ आडवीच.

म्हणजे माझ्यामुळं नाही. हे लिहून ठेवते: माझ्यामुळं नाही.

पण मग आलेख कुठून आणायचा? चौकटीत नाव माझं, आणि माझ्या पडद्यावर एक रेघ. घोरपडे मंगळवारी येणार. यूट्यूबवर एकजण फार भराभर इंग्रजीत बोलतो. हिंदीतला सुरुवातीलाच चॅनेलला सबस्क्राइब करा म्हणतो आणि मग ग्राउंडवरच अडतो. ग्राउंड मला येतं.

स्नेहल शेजारच्या टेबलावर बसून बोर्डांना सोल्डर लावत होती. लॅपटॉप तिनं आणलाच नव्हता. महिन्याभरात पहिल्यांदा ती माझ्यासारखी दिसत होती. बोट भाजलं तेव्हा तिनं ते पटकन तोंडात घातलं. मीही तसंच करते. मला तेही आवडलं नाही.

२० सप्टेंबर

सगळं परत काढलं. नवी फाईल. नवी आकृती. रेघ.

यांना म्हणाले, जमत नाही. हे म्हणाले, "स्नेहलला इचार की."

"तुम्ही विचारा."

"मी काय इचारू? मला काय कळतंय?"

अकरा वर्षं चौकटीत ज्यांचं नाव होतं ते असं म्हणाले, आणि कूस वळवून झोपले. त्यांना काहीच बोचत नाही. मला त्याचाही हेवा वाटतो.

२१ सप्टेंबर

विचारलं.

दुपारी शेडमध्ये आम्ही दोघीच होतो. मी माझा लॅपटॉप तिच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे चालत नाही."

तिनं सोल्डरिंग गन स्टँडला लावली, हात पुसले. "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"गणपतीपासून? आणि आज विचारताय, आक्का?"

तिनं पडदा आपल्याकडं ओढला, रेघ बघितली, आणि आकृतीवर बोट ठेवलं. डावीकडं, मग उजवीकडं.

"तुमच्या हातातलं सर्किट चालतं, कारण खऱ्या वस्तू कधी एकसारख्या नसतात. एका बाजूचा ट्रान्झिस्टर केसभर आधी चालू होतो. तो दुसऱ्याला बंद करतो, मग दुसऱ्याची पाळी येते. इथं पडद्यावर दोन्ही बाजू अगदी सारख्या. दोघं एकदम चालू होतात आणि तसेच बसतात. कुणीच आधी होत नाही."

"मग?"

"एका बाजूला थोडं कमी करायचं. आणि बॅटरी शून्यापासून चढवायची, नाहीतर सॉफ्टवेअर दोघांना आधीपासून चालूच धरतं. मग फरक असून उपयोग नाही. दोन्ही करायला लागतं." तिनं शून्यापासूनची खूण केली. मग उजव्या रेझिस्टरवर आली. मी तिच्या बोटांकडं बघत होते. तिनं शेहेचाळीस लिहिलं.

"हे बाजारात मिळत नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"मिळायला कशाला पाहिजे? नुसतं ढकलायला आहे."

रन. दोन रेघा. एक चढली, दुसरी पडली.

"मीच बदललं होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"कसं?"

"घोरपडे गेल्यावर फाईल बघितली. फाईलवर तारीख-वेळ असते. त्या वेळी मी दवाखान्यात अव्वांचा नंबर यायची वाट बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? यांना सांगितलं तर घरभर होईल. अप्पांना सांगितलं तर ते दोघींना रागावतील." ती थांबली. "सारखं."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"तुम्ही मुद्दाम केलं का, आक्का?"

मी म्हणाले, "मला वाटलं चूक आहे." हे खरं आहे. मग म्हणाले, "चूक असावी असं वाटत होतं." हेही खरं आहे. दुसरं जास्त.

तिनं गन उचलली आणि कामाला लागली. थोड्या वेळानं, वर न बघता, म्हणाली, "मी रोज पडदा तुमच्याकडं वळवून ठेवायची. मला वाटलं, तुम्हाला विचारायला अवघड वाटत असेल."

तिनं मला माफ केलं की नाही कळलं नाही. पण तो अधिकार तिच्याकडं गेला. चौकट माझ्याकडं आहे आणि मला अजूनही तिच्या हातातलंच हवंय.

२२ सप्टेंबर

रात्रीच्या जेवणाला सगळे होते. भाकरी, दोडक्याची भाजी. मी वाढून झाल्यावर बसले नाही. उभीच म्हणाले, "अप्पा, चौकटीत स्नेहलचं नाव घाला."

"का?"

"आलेख तिनं काढलाय. त्या दिवशी तिची फाईल चालली नाही, कारण मी त्यात बदल केला होता. तिला न विचारता."

विरुपाक्षनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "म्हंजे मी हिला चार दिवस बोललो ते..."

"व्हय," स्नेहल म्हणाली. "ते फुकट बोललात."

अव्वा मला म्हणाल्या, "साकु, पुरे. जेवताना नको. चुकून झालं असंल."

"चुकून नाही, अव्वा," मी म्हणाले.

अप्पा कुणाकडं बघत नव्हते. मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी वाटणी केली.

"आसं करू," ते म्हणाले. "एकीचं घातलं की दुसरी दुखावणार. सर्किट हिचं, आलेख तिचा. जागा एक. दोघींचं बी नको. शिवानंदचं हाय तेच ऱ्हाऊ दे. म्हंजे कुणाला कमी न्हाय, कुणाला जास्त न्हाय."

"बरं," आमचे हे म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं.

तेव्हा स्नेहल ताटावरून उठली. हात तसाच, भाजीचा. "अप्पा, मला सारखं नको. ज्याचं त्याला द्या. आम्हाला दोघींना सारखं म्हणून काहीच मिळत नाही, आणि तुम्हाला वाटतं न्याय झाला."

या घरात अप्पांना असं कुणी बोलत नाही. विरुपाक्षनं तिची बाही धरली, खाली बस म्हणून. ती बसली नाही. अप्पांचे डोळे ताटावर होते. ते म्हाताऱ्या माणसासारखे दिसले. मला ते कधी तसे दिसले नव्हते.

मी भाकऱ्यांच्या टोपलीजवळ उभी होते. ते वाक्य माझं होतं. अकरा वर्षं ते माझ्या तोंडात होतं, प्रत्येक साडीच्या वेळी, प्रत्येक ड्रॉइंगच्या वेळी. तिनं ते सात महिन्यांत म्हटलं. सर्किट घेतलं असतं तरी चाललं असतं. हे तिनं घ्यायला नको होतं.

अप्पा हात धुवून उठले. "सकाळी बघू," म्हणाले. ड्रॉइंग छापून टेबलावर आहे. चौकट कोरी आहे.

२३ सप्टेंबर

सकाळी दहाला घोरपडे आले. अप्पा, स्नेहल आणि मी शेडमध्ये होतो. आलेख बघून ते म्हणाले, "झकास. नाव घालायचं ऱ्हायलंय. कुणी केलं?" अप्पांनी घसा खाकरला. ते बोलायच्या आधी मी म्हणाले, "स्नेहल विरुपाक्ष हुक्केरी." घोरपडेंनी पेन काढून लिहिलं. स्नेहलनं माझ्याकडं बघितलं नाही. मग त्यांनी विचारलं, बॅटरी नऊच्या खाली गेली तर काय होतं. ते मी सांगितलं. अप्पा चहा सांगायला बाहेर गेले.